तिथीचा रकाना

दिवाळ्याच्या धक्क्यावर पहिल्यांदा आले तेव्हा
पिशवीत एक लाकडी मोजपट्टी होती,
ओळखपत्र, आणि चौदा रकान्यांचा तक्ता.
माझं गाव मेहकरकडचं. खारं पाणी
मी नोकरीत चाखलं.

दर चार आठवड्यांनी, मंगळवारी, सकाळी नऊ:
मुख्यालयाने ठरवलेलं.
पहिल्या मंगळवारी जाळी काठीवर वाळत होती.
दुसऱ्याही. तिसऱ्याला
एक कुत्रं, थर्माकोलचा तुकडा, आणि मी.
मी प्रामाणिकपणे लिहिलं: शून्य. शून्य. शून्य.

हसुराम तांडेल सोसायटीच्या ओट्यावर जाळं तुणत होता.
वर न बघता म्हणाला,
"नवमी, आठम, सठ. बाय, भांगेलाच बरी येतंस तू.
पानी निजलेलं असतं तवा.
त्याला उठवाया कोन जानार?"

शून्य हा फार चिकट आकडा.
तो कार्यालयात जातो, फायलीत बसतो,
आणि एक दिवस कुणी पुलाचा नकाशा पसरून म्हणतं,
या खाडीत मासेमारी आढळत नाही.
मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
हसुरामला माहीत होतं. त्याचा बाप जिथे वाणा टाकायचा
तिथे आता चौक आहे, कारंज्यासकट.

मग बैठक.
सोसायटीच्या खोलीत सहा खुर्च्या.
मत्स्य विभागाचे साहेब आले, कांदळवनवाले आले,
महापालिकेचा इंजिनिअर, फोन उलटा ठेवून बसलेला.
प्रदूषण मंडळाच्या खुर्चीवर
बराच वेळ चहाचा ट्रे होता.
बायका आधी दारात उभ्या, मग आत,
मग चांगुणा मढवीने ट्रे उचलून खाली ठेवला
आणि तिथे बसली.
"तक्त्यात तिथी टाका," म्हणाली,
"नायतर तुमचा मंगलवार तुमच्याच घरी ठेवा."
साहेब म्हणाले, तक्ता वरून ठरतो.
"पानी पन वरूनच ठरतं. चांद बगा."

पंधरावा रकाना मी पेनाने आखला.
जरा वाकडा आला.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेचार.
होडी टेकली, टॉर्चच्या उजेडात
एक जिताडा, चौऱ्याण्णव सेंटिमीटर,
डोळा तांब्याच्या नाण्यासारखा.
मी म्हणाले, ही मादी. तरुणपणी ही नर होती.
जिताडे आधी नर असतात, वय वाढलं की मादी होतात.
धक्का हसला.
हसुराम हसला नाही. माशाच्या पोटाकडे बघत राहिला.
"म्हंजे बारक्यात गाबोली कदी गावली नाय,
ती याच्यापायी."
चाळीस वर्षं न विचारलेला प्रश्न सुटला
आणि लगेच दुसरा अडकला:
"बारका धरू नको, मोठा धरू नको,
मंग खाऊ काय, तुजी मोजपट्टी?"
मला उत्तर नव्हतं.
अजून नाही.

जिताडा चांगुणाने विकला, बेलापूरच्या हॉटेलवाल्याला.
पण त्याआधी, शेजारच्या दोघी ऐकत असताना,
वजन मला खरं सांगितलं. अकरा किलो, वर पाव.
धक्क्यावर खरं वजन कुणी बोलत नाही,
नजर लागते, कर लागतो,
भावजयीला कळतं.
मी लिहिलं: वद्य प्रतिपदा. पाणी जोरात.

मुख्यालयाच्या संगणकाने
पंधरावा रकाना घेतला नाही.
मी तो खाली शेरा म्हणून टाकत राहिले, दर वेळी,
आणि हसुराम दर वेळी विचारायचा,
"वाचतंय का कोन?"

परवा उत्तर आलं, एका ओळीचं:
प्रतिपदा म्हणजे नक्की किती वाजता?

मी वाचून दाखवलं.
त्याने सुई दातात धरली,
ओट्यावर सरकून एका माणसाची जागा केली.
"बोलव त्याला," म्हणाला.
"पन मंगलवारी नको."