चांदी चालत नाही

जेनोव्हाच्या मागच्या डोंगरात, काम्पो लिगुरेत,
माझे वडील चांदीचं तारकाम करायचे.
केसाएवढ्या तारा पिळून फुलपाखरं, होड्या,
एकदा एका बिशपसाठी कबूतर.
सांध्यावर सवागीची चिमूट, ओठात फुंकणी,
आणि डाख वितळून फटीत शिरला की
एवढंच म्हणायचे: "पळाला."
गाव त्यांना बाचिच्चा म्हणे. मीसुद्धा.

मी ऑर्नेला. मी टंगस्टन जोडते.
काडेपेटीहून लहान फरशा,
पण उचलताना मनगट दचकतं.
खाली तांबं, तांब्यात नळी, नळीत पुढे कधीतरी पाणी,
आणि वर, हातभर अंतरावर,
सूर्याच्या गाभ्याहून तापलेला वायू.
तो मी पाहणार नाही.
तिकडे फ्रान्समध्ये तारखा पुढे सरकतायत,
माझी पेन्शन मात्र वेळेवर येणार.

टंगस्टन तापलं तरी जागचं फारसं हलत नाही.
तांबं पसरतं, माझ्या नणंदेसारखं,
आणि निवताना सगळं अंगाशी ओढून घेतं.
म्हणून मध्ये मऊ, शुद्ध तांब्याचा एक थर.
सोसायला कुणीतरी लागतंच.
मग डाखाची पट्टी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
हातमोज्यांवर हातमोजे,
कारण बोटाचा एक ठसा उमटला
तरी डाख तिथून पाठ फिरवतो.

भट्टीतली हवा काढायला रात्र जाते.
काचेतून बघते: काळपट, लाल,
मग नारिंगी, आणि नंतर नाव न सुचणारं काही.
इथे सवागी नाही. फुंकायला हवाच नाही.
नऊशे ऐंशी अंशांवर
फरशीच्या कडेनं एक चकाकी धावते
आणि माझ्या तोंडून निघतंच.

बाचिच्चांना सांगितलं होतं सगळं, शेवटच्या हिवाळ्यात.
त्यांनी विचारलं, डाखात चांदी किती?
म्हटलं, चांदी चालत नाही.
न्यूट्रॉनांचा मारा बसून बसून तिचं कॅडमियम होतं.
"चांदी बदलते?"
साठ वर्षं त्यांच्या हाताखाली होती,
कधी बोलली नव्हती.
मग ते बराच वेळ खिडकीतून नदीवरचा पूल बघत बसले.
वाटलं, रागावले.
रात्री सूपवरून मान वर न करता म्हणाले,
"पण पळतो ना?"
पळतो, म्हटलं.

काल तेझिओनं सत्तावन्न नंबरची फरशी पाण्यात बुडवली,
आवाज सोडून तिचं पोट ऐकलं.
आत मसुरीएवढी पोकळी.
लाल खडूनं फुली.
मी म्हटलं, अरे, पळालेला पाहिलाय मी, या डोळ्यांनी.
"कडेला पाहिलास," तो म्हणाला,
आणि पुढची फरशी मागितली.