पट्टीच्या पुढे

तीस वर्षं मी लोकांची साखर मोजली
परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर.
निवृत्त झालो तेव्हा वाटलं,
वाइन म्हणजे काय, साखरच तर.

पहिल्यांदा खोक्यातला रस आणला,
सहा लिटर, वर दव पडलेल्या घडाचं चित्र.
यीस्ट टाकलं, बरणीच्या तोंडाला मलमल बांधली
आणि आठ दिवस कान लावून बसलो.
एक बुडबुडा नाही.
शेजारच्या एल्फ्रिडाने रिकामं खोकं उलटं धरलं,
बारीक अक्षरांतलं एक नाव नखाने खरडलं.
"हे घातलंय तिथे काय जगणार, कर्णिक?
तू लॅबवाला ना?"
मी लॅबवाला.
नमुना नासू नये म्हणून नळीत काय घालतात
ते मला चांगलं ठाऊक होतं.

फेब्रुवारीत तिने मला कलिन्याच्या बाजारात नेलं.
सोनाका होती, लांबसडक, पिवळसर,
मुलगी बघायला आलेल्या मावशांसारखी ऐटीत.
शरद होती, काळी, गोड,
नुसतीच गोड.
मी शरदवर हात ठेवला.
तिने तो उचलून बाजूला केला,
माशी बसल्यासारखा.

गाडीच्या पार टोकाला, कागदाखाली,
बंगलोरी.
बुटकी, जाड सालीची, अंगावर राखेसारखी लव,
वास असा की गाडीवाला गुलाबचंदही म्हणाला,
"साहेब, खायला नका नेऊ."
"बी चाव," एल्फ्रिडा म्हणाली.
चावली. हिरवी. जीभ आखडली.
"कच्ची. पुढची पेटी."
पुढच्या पेटीतली बी तपकिरी निघाली,
भाजक्या दाण्यासारखी कुडुम वाजली.
"साल खोटं बोलते. बी नाही."
मग बिनबियांच्या घडांना
विचारायचं तरी कुणाला?

घरी आम्ही परातीत द्राक्षं चुरडली,
हात मनगटापर्यंत जांभळे.
मी कपाटातून माझी काचेची तरंगती कांडी काढली,
इस्पितळातली शेवटची आठवण.
"कशात बुडवायचास रे ही?"
मी सांगितलं.
एल्फ्रिडा खुर्चीवरून उठून मोरीपाशी जाऊन उभी राहिली.
उकळत्या पाण्यातून तीनदा काढली तेव्हा कुठे परत आली.

रसात सोडली तर कांडी
टुणकन वर. सगळे आकडे हवेत.
एक-साठच्या पुढे तिला खुणाच नव्हत्या.
माणसाच्या आजारापुरती तिची पट्टी.
मी वाकून, चष्मा पुसून, पुन्हा वाकून बघितलं.
तीस वर्षं ज्या गोडीला मी वाईट बातमी म्हणत आलो
ती इथे काचेला खांद्यावर घेऊन उभी होती.

चौथ्या रात्री बरणी बोलायला लागली,
आधी चुकार, मग सतत,
गॅसवर विसरलेल्या आमटीसारखी.
पाचव्या दिवशी कांडी खाली उतरली,
पट्टीत आली, वाचता आली.
सवयीने मी जुनी वही उघडली.
नाव : बंगलोरी.
वय : पाच दिवस.
साखर : उतरते आहे.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं सुचेना.
मलमल जराशी उचलली,
आणि लिहिलं :
वास बरा येतोय.