आटे

ताहेरभाईंनी काउंटरवर सात रिंगा मांडल्या
आणि विचारलं, वहिनींसाठी का?
मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि काही न बोलता आठवी काढली.

बांबूची हलकी, पण जोडापाशी उघडी,
चाचपली तर कुसळ लागलं बोटाला.
प्लास्टिकची पोपटी, तिला पीळ सोसणार नाही.
स्टीलची, स्प्रिंगवाली,
दाबली की बसते, पण कापड किती धरते ते तिचं तिलाच ठाऊक.
राहिली लाकडी, सहा इंची, पितळी स्क्रूची.
मी स्क्रू काढून ट्यूबलाइटखाली धरला.

चौतीस वर्षं माझगाव गोदीत फिटर होतो.
याचे आटे बसके, दुसऱ्याच वेढ्याला घसरणारे.
म्हटलं, दुसरी दाखवा.
ताहेरभाई म्हणाले, बायका कधी स्क्रू काढून बघत नाहीत.
म्हणूनच दर वर्षी नवी घ्यायला येतात, मी म्हणालो,
तेव्हा कुठे ते हसले, आणि चहा सांगितला.

मग डाव्या हाताचं सांगावंच लागलं.
गेल्या दिवाळीपासून तो
आहे, खांद्याला आहे,
पण निरोप उशिरा पोचतो त्याच्यापर्यंत.
नायरमध्ये व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली,
काका, मणी ओवा, कणीक मळा, सुई धरा.
मणी पलंगाखाली गेले.
त्या कणकेच्या पोळ्या कावळ्यांनीही चिवडल्या नुसत्या.
सुईचं ऐकून शालन म्हणाली,
आता तुमचेच आटे ढिले झालेत.

रिंग धरायला एक हात, टाका घालायला दुसरा.
हा हिशेब दुकानात उभं राहिल्यावर लागला.
ताहेरभाईंनी माळ्यावरून स्टँड उतरवला,
टेबलाच्या कडेला आवळायचा,
त्याच्या जबड्यात रिंग, हवी तशी फिरवा.
म्हटलं, अहो, हा तर व्हाइस.
ते म्हणाले, मदनपुऱ्यात पोरं अड्ड्यावर बसतात,
एक हात कापडाच्या वर, एक खाली.
खालच्याला काही दिसत नाही.
दोरा मात्र तोच पुरवतो.

भिंगाला वेळ लागला.
हातातलं नको, हात उरत नाही.
गळ्यात अडकवायचं छातीवर टेकलं
आणि माझ्या श्वासाबरोबर कापड खालीवर व्हायला लागलं.
कपाळावर बांधायचं घालून आरशात पाहिलं,
वेल्डिंगला निघालेला मीच, फक्त केस नाहीत.
शेवटी वाकत्या दांड्याचं घेतलं, भोवती दिव्याचं कडं.
ते पाचपटीचं गळ्यात मारत होते.
पाचपटीत सुई काचेवर आपटते, करून बघितलं,
आणि एकच टाका दिसतो, राक्षसासारखा,
पुढची रेघ कुठे गेली कळत नाही.
पावणेदोन पट पुरे झालं.

घरी, घोडपदेवला, आतल्या कड्यावर
सुती नाडी गुंडाळली, तिरकी, अर्ध्यावर अर्धी,
पाइपच्या आट्यांवर ताग गुंडाळायचो तशी.
कापड ताणलं, टिचकी मारली.
वाजलं. थोडं बद्द, पण वाजलं.

शालन म्हणाली, फूल काढा, साधं, पाच पाकळ्यांचं.
मी गेट व्हॉल्व्ह काढला, मधोमध चिरलेला,
ड्रॉइंगमध्ये दाखवतात तसा.
अंगाला निळा देठ टाका, चाकाला साखळी.
दांड्यावरच्या आट्यांसाठी टाकाच सापडेना,
ते अजून पेन्सिलीतच आहेत.

वर उजवा. खाली, टेबलाच्या अंधारात, डावा.
सुई खाली जाते आणि मी थांबतो.
कधी वीस मोजतो, कधी चाळीस.
काल अकराला वर आली,
दोन धागे बाजूला,
मी उसवली नाही.

रात्री शालनने रिंग सोडवून उलटी केली.
भरतकाम मागून बघायचं असतं, म्हणाली.
मागे नुसता गुंता, गाठी, लोंबणारी निळी टोकं.
त्यावरून बोट फिरवत राहिली बराच वेळ,
मग विचारलं,
यातून पाणी कुठल्या बाजूने जातं?