तिसरी फळी

जुलै. रिंकवरचा बर्फ मे महिन्यातच वितळवून गटारात सोडला.
खाली उघडं काँक्रीट, त्यावर दर शनिवारी जुन्या सामानाचा बाजार.
गोलच्या जागी कुणीतरी पाळणा विकायला ठेवलाय.

आणि इकडे धक्क्यावर, माझ्या कॉफीच्या तंबूत,
सकाळी सातपासून हॉकी चालू आहे.

वेइयो आला तोच पेपर आपटत :
"गेला! एकवीस गोलवाला गेला स्वित्झर्लंडला,
डोंगर बघायला!"
"पैसे बघायला," हिल्क्का म्हणाली,
आणि बोटांवरची पावाची साखर झटकली.

कोइवुरांतात पैसा नाही. कागदाची गिरणी एका पाळीवर आली.
आहे तो एक संघ, कुइका :
तळ्यातल्या त्या पाणपक्ष्याच्या नावाचा,
जो बुडी मारतो आणि कुठे वर येईल ते सांगता येत नाही.
आमचा दोन वर्षं खालीच आहे, इति वेइयो.

नवा प्रशिक्षक स्वीडनचा. वय सदतीस. मोजे घालत नाही.
मोज्यांवर अर्धा तास गेला.
तो म्हणतो, चढाई. पक त्यांच्या कोपऱ्यात असतानाच
तिघांनी अंगावर जायचं.
"आणि मागे कोण? तुझी मावशी?"

आमचा खेळ असा नव्हता.
मधल्या पट्ट्यात दाटीने उभं राहायचं,
बर्फाला भोक पाडून गळ सोडून बसावं तसं,
समोरचा चुकेपर्यंत.
रटाळ, म्हणायचे राजधानीवाले.
रटाळ तर रटाळ.
एक-शून्य. हिल्क्काच्या मते
याहून देखणा आकडा अजून कुणी लिहिलेला नाही.

मग त्यांनी माझा साखरेचा डबा ओढला.
मेणकापडावर निळ्या रेघा आयत्याच होत्या.
चौकोनी खडे, तीन-तीनच्या फळ्या.
बचावाला दोन टवका उडालेले : गुडघ्यांची ऑपरेशनं झालेले.
बशीच्या काठाशी एक अखंड : गोलकीपर.
पहिली फळी मांडली. दुसरी. मग चौथी.

उर्पो कोपऱ्यात बसला होता, कप दोन्ही हातांत धरून.
त्याचा तातू नऊ वर्षं खेळला, तिसऱ्या फळीत, डावीकडे.
गोल मोजकेच. पकसमोर आडवं पडायचं, हे त्याचं काम.
दोनदा जबडा, एकदा घोटा.
मंगळवारी क्लबने अडीच ओळींत आभार मानले.
आजच्या पेपरात ते पान सातवर आहे,
मासेमारीच्या परवान्यांखाली.
वेइयोने सगळा पेपर मोठ्याने वाचला होता :
पान सहा, मग पान आठ.

मी पुसलेलीच किटली पुन्हा पुसली.

उर्पोनेच हात लांबवला.
डब्यातून तीन खडे. मधला ठेवला. उजवा ठेवला.
तिसरा बोटांत फिरवत म्हणाला,
"इथे आता तो उत्तरेकडचा पोरगा येणार म्हणे. चपळ आहे.
बिनमोज्याच्या माणसाला तसाच लागतो."
"चपळ आहे," हिल्क्का म्हणाली. "पण पडत नाही."
"शिकेल."
आणि खडा ठेवला, रेघेला अगदी चिकटून.

कुणाला काही सुचेना. वेइयो खाकरला,
पॉवर प्लेबद्दल काहीतरी बोलू लागला,
आणि बोलता बोलता बशीजवळचा खडा उचलून
कॉफीत टाकला, ढवळला, घोट घेतला.
"अरे, गोलकीपर प्यायलास!"
हसले सगळे. उर्पो सगळ्यांत जास्त वेळ हसला,
चष्मा काढून पुसावा लागेपर्यंत.

अकराला उठले. उर्पो मागे रेंगाळला, सुटे शोधत.
"सीझनची तिकिटं कधी निघतात?"
"सोमवारी."
"माझी तीच खुर्ची राहील ना, खांबामागची?"
त्या खुर्चीवरून अर्धा रिंक दिसत नाही.
डावी बाजू तेवढी दिसते.
"राहील," मी म्हणाले. "दोन युरो झाले."