रुमालाखाली

सांगलीच्या मार्केट यार्डात रात्री साडेदहाला
दोनच दिवे: एक काट्यावरच्या पहारेकऱ्याचा,
एक चौगुल्यांच्या अडतीतला, माझा.
जुना सर्व्हर दुपारी गेला.
उघडला तर पंख्यात
बोटभर राजापुरी हळद.
म्हटलं, आता यंत्र इथं नकोच,
भाड्यानं घेऊ, दूर कुठं,
जिथं आपली धूळ पोचत नाही.
सकाळी दहाला सौदे.
त्याआधी फलकावर दर दिसायला हवेत.

चाळीस ओळींची स्क्रिप्ट. तिचं काम एवढंच,
की दारात जाऊन सांगायचं:
एक मशीन द्या, दोन जीबी मेमरीचं,
त्यावर हा आमचा कोड चढवा,
झालं की कळवा.

पहिलं उत्तर, चारशे एक.
म्हणजे, तू कोण?
मी तस्लीम मुलाणी, मिरजेची,
पण त्या दाराला नाव नको, टोकन हवं.
टोकन होतं. बरोबर होतं.
फक्त उचलताना शेपटीला
एक रिकामी ओळ चिकटून आली होती.
त्या न दिसणाऱ्या ओळीनं
पाऊण तास खाल्ला.

भूपालअण्णा पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेले.
चाळीस वर्षं दलाली केली त्यांनी,
आता नुसते येऊन बसतात.
"काय म्हणतंय?"
"ओळखत नाही म्हणतंय."
"गेटवर आमचं बी तेच हुतं.
पावती भिजली की गाडी भायेर."

ओळ पुसली. पुन्हा पाठवलं.
मध्येच नेट तुटलं, उत्तरच आलं नाही.
पुन्हा पाठवलं.
दोनशे दोन.
मी टाळी वाजवली. "झालं?"
नाही अण्णा. ऐकलं, एवढंच.
करतो म्हणतंय, हा नंबर घे,
अधूनमधून विचार.

अधूनमधून कुठलं!
माझ्या लूपमध्ये श्वासाला जागाच नव्हती:
झालं का झालं का झालं का
सेकंदाला तीस वेळा,
आणि मग चारशे एकोणतीस,
बाई, जरा दमानं.

अण्णा तोंडातली सुपारी एका गालात सारून म्हणाले,
"तासगावचा एक नवखा हुता.
रुमालाखाली माझी बोटं सारखी दाबायचा,
दे की, दे की.
मी हातच काढून घेतला.
एकशेसाठ पोती दुसऱ्याच्या नावावर गेली."

मी लिहिलं, दहा सेकंद थांब.
मग वीस. मग चाळीस.
इतकी वर्षं कोड लिहिते,
थांबण्याची ओळ
नेहमी शेवटी, चूक झाल्यावरच लिहिते.

प्रलंबित.
प्रलंबित.
पहारेकऱ्याचा रेडिओ बंद झाला.
प्रलंबित.
चालू.

यादी काढून बघितली, तर मशीन दोन.
तेच नाव, तीच मेमरी,
दोन्हींचं भाडं सुरू.
माझी मधली हाक, जिला उत्तर आलं नव्हतं,
तीही पोचली होती.
अण्णा इतके हसले की ठसका लागला.
"जबाब आला न्हाई म्हंजे सांगावा गेला न्हाई,
असं कुणी सांगितलं तुला?"

एक पुसायला सांगितलं.
दोनशे चार:
केलं, आणि बोलण्यासारखं काही नाही.
आत खरंच काही नव्हतं,
शून्य अक्षरं.
असं उत्तर मला आवडतं.

दोन वाजता शटर ओढताना
अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला,
खाली हात घातला,
माझी तीन बोटं धरली,
मग अंगठ्याचं पेर, दोनदा.
"सांग, किती?"

मला येत नव्हतं.
विचारलं, हे कुठं लिहिलेलं आहे का?
कुठल्या बोटाला काय,
पेर म्हणजे शेकडा की पाव?

टॉवेलखाली त्यांचा हात तसाच थांबला होता,
खरखरीत, नखांत पिवळा.
"लिवून काय करायचं?" म्हणाले.
"घेणारा समोर असायचा."

मी बोटं आठवत घरी आले.
तीन. अंगठा. दोनदा.
सकाळी दर वेळेवर लागले.
त्या आकड्याचा अर्थ
अजून प्रलंबित.