साधी युजर

डंडी, नोव्हेंबर, पहाटेचे दोन चाळीस.
टे नदीवरचा वारा तळघराच्या जाळीत शीळ घालतोय
आणि मी फरशीवर उकिडवा बसून
पडद्यावरची शेवटची ओळ वहीत उतरवून घेतोय,
रीस्टार्ट केलं की तीही जाईल म्हणून.

चौऱ्याऐंशी दिवस एका दमात चाललेलं मशीन.
आधी मी डिस्कला बोल लावला, मग मेमरीला,
मग रात्रपाळीच्या रॅटरेला,
त्यानं म्हणे त्याच बोर्डात किटली लावली होती.
त्यानं ऐकून घेतलं. साखर किती, एवढंच विचारलं.

कुणी आत घुसलं नव्हतं.
रूटचा पासवर्ड माझ्या डोक्यात जसाच्या तसा.
लॉगमध्ये रात्रभर एकच नाव,
एल्सपेथ गेडी, दुसरं वर्ष,
ब्रॉटी फेरीच्या भरती-ओहोटीचे आकडे
एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे धाडणारी.
सॉकेट उघडायचं, लिहायचं,
उत्तर नाही आलं की नवं उघडायचं.
पलीकडे वाचणारा प्रोग्रॅम
ती उद्या लिहिणार होती.

कर्नल भिडस्त.
जे हातात येईल ते ठेवून घेतो,
असू दे, न्यायला येईल कुणीतरी.
ओसरी भरली, माजघर भरलं,
देवघरातही गठ्ठे रचले,
शेवटी स्वतःला पाय ठेवायला जागा उरेना
तेव्हा दारातच कोसळला,
आणि त्याच्यासोबत
एकशे बारा जणांचे उघडे निबंध.

थेंबे थेंबे तळे साचे,
फळ्यावर हे पोस्टाच्या बचतीसाठी लिहीत.
तळं फुटतं तेव्हा काय होतं
ते पुढच्या इयत्तेतही आलं नाही.

मर्यादा होत्या की.
एकाला एवढ्या प्रोसेस, एका प्रोसेसला एवढी सॉकेट,
एका सॉकेटला एवढा बफर.
तिन्ही आकडे मीच घातलेले, तिन्ही वाजवी.
गुणाकार कुणी केला नव्हता.
आता वहीच्या मागच्या पानावर केला,
मशीनमध्ये होती त्याच्या अकरापट मेमरी
मी प्रत्येकाला देऊ केली होती.

अहवालात ‘कारण’ असा रकाना असतो.
तिथे ‘साधी युजर’ लिहिलं.
चहा गार होईपर्यंत बघत बसलो,
मग खोडलं.

नऊला ती आली, बूट ओले, हातात अर्धा रोल.
‘माझ्यामुळे का?
मला वाटलं, भरलं की ते सांगेल.’

सांगेल.
पाच वर्षं मी ह्या खोलीत,
मलाही तसंच वाटत होतं.

एक ओळ बदलली. तिलाच बसवलं,
म्हटलं, चालव तुझा प्रोग्रॅम, कालचाच.
दोन सेकंदांत मशीन म्हणालं:
जागा नाही.
पुन्हा चालवला. जागा नाही.
मागे पंखे नेहमीसारखे फिरत होते.

तिनं रोलचा घास गिळला.
‘काल बरं होतं,’ म्हणाली,
‘निदान घेत तरी होतं.’