सायडिंग

भुसावळला, यार्डामागच्या शाळेत
संगणक दोन. एक मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्लास्टिक पांघरून,
दुसऱ्याची वायर उंदरांनी ठेवली नाही.
म्हणून अल्गोरिदमचा तास मी पटांगणात घेतो:
फक्कीचे दोन रूळ
आणि मध्येच फुटलेली एक सायडिंग,
जिच्या शेवटाला शौचालयाची भिंत.

मुलं झाली वाघिणी, गळ्यात पुठ्ठ्यावर आकडा.
तीन, एक, दोन असं यायचं,
एक, दोन, तीन असं निघायचं.
सायडिंगला शेवटी गेला तो आधी बाहेर.
उडी मारायची नाही.
वाघिणीला पाय नसतात, प्रीतेश.

तीन आत. एक सरळ. दोन सरळ. तीन बाहेर.
टाळ्या.

"आता लिहा," मी म्हटलं, "असं लिहा
की तुम्ही घरी झोपलेले असताना
तुम्हाला न ओळखणाऱ्यानेही गाडी बरोबर लावावी."
प्रीतेशने लिहिलं: डोकं लावून बघावे.
मी खोडलं. डोकं कुणाचं? कितव्या ओळीत?

मग उन्हाला कंटाळून
सहज दिला पुढचा क्रम: दोन, तीन, एक.
आणि निंबाखाली बसलो.

अर्धा तास वाघिणी आत-बाहेर.
फक्की पुसली, पुन्हा ओढली.
सुट्टीची घंटा झाली, डबा कुणी उघडला नाही.
"करा, जमेल," मी सावलीतून.

इकरा पिंजारी आली, कोपरापर्यंत पांढरी.
"सर, नाही जमणार."
प्रयत्न कर.
"प्रयत्नाचं नाही ना, सर.
एक येईस्तोवर दोन आत, तीन त्याच्या तोंडाशी.
एक गेला की दोन पाहिजे,
अन् दोनच्या पुढे तीन बसेल आहे.
दिवसभर केलं तरी बसेलच ऱ्हाईल."

मी मनात डबे हलवले.
एकदा. पुन्हा एकदा.
क्रम देताना तपासलाच नव्हता मी.

मूल्यमापनाच्या तक्त्यात
'होत नाही, आणि का' याला रकाना नाही.
पेन्सिलीने एक आखला.

रात्री वडिलांना विचारलं.
तेहतीस वर्षं पॉइंट्समन,
अजून शिट्टीसरशी मान वळते.
दोन, तीन, एक, आणि सायडिंग एकच. काय करायचे तुम्ही?
भाकरी मोडत म्हणाले,
"मंग बाबूकडे जाऊन दुसरी लाइन मांगाची."

सकाळी शाळेत आलो तर
पटांगणात दुसरी रेघ, भिंतीपर्यंत,
जरा वाकडी.
फक्की संपली असावी;
शेवटचा हातभर विटेने ओढलेला.